साहेबाची भट्टी आणि हाटेबाई

हाटेबाई कुठलीही इमारत आधी पाठीमागून बघायच्या. पुढचं दार सताड उघडं असो, दारात कुणी गुलाबाचं फूल घेऊन स्वागताला उभं असो, बाई सरळ बाजूच्या बोळात शिरायच्या आणि मागच्या अंगाला जाऊन उभ्या राहायच्या. तिथे जे असेल ते, उकिरडा, मोरी, दोरीवरचे कपडे, कोंबड्या, सगळं निरखून झालं की मगच पुढे यायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता दाखवा तुमचं काय ते."

महाडात एका बँकेची नवी शाखा उघडली तेव्हा सेवानिवृत्त शिक्षिका म्हणून बाईंनाही बोलावणं होतं. पाहुणे फीत कापत होते तेव्हा बाई मागच्या बाजूला शिपायाशी बोलत उभ्या होत्या. परत आल्या त्या मॅनेजरला सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "तिजोरी भक्कम आहे म्हणता, छान. पण शिपायाला पाणी प्यायला माठ का नाही?" दुसऱ्या दिवशी माठ आला. पुढे त्या माठाचं पाणी मॅनेजरही प्यायला लागले, कारण पुढच्या दालनात ठेवलेल्या त्यांच्या पाण्याच्या यंत्रातून गार पाणी कधी आलंच नाही.

आमची ओळखही अशीच मागून झाली. मी पंचायत समितीत कारकून. बदली होऊन महाडात आलो आणि बाईंच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. सामान लावून होतंय तोवर मागीलदारी कुणीतरी खाकरलं. बघतो तर ठेंगण्याशा, सावळ्या, पांढऱ्या पातळातल्या एक बाई आमच्या मोरीत वाकून बघत होत्या. "पाणी तुंबणार इथं," त्या म्हणाल्या. "घरमालकाला आजच सांगा. मी हाटे. नाव काय तुमचं? मोरे? मग मोरे, ही वीट इथून काढ." तुम्हीपासून तूपर्यंतचा प्रवास त्यांनी एका विटेत संपवला. त्यांचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता, आणि समोर एकटाच माणूस असला तरी त्या तो कमी करीत नसत.

"पुढची बाजू दाखवायची असते रे," हे त्यांचं पालुपद. "असते ती मागची."

या सवयीमुळे सगळ्या तालुक्यात त्यांना एक विचित्र मान होता. मुलीचं स्थळ बघायचं असलं की लोक बाईंना बरोबर न्यायचे. दासगावच्या एका मुलीसाठी पोलादपूरकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मुंबईला गिरणीत, घर कौलारू, ओटीवर खुर्च्या. बोलणी चालली असताना बाई मागे जाऊन आल्या आणि मुलीच्या बापाच्या कानात म्हणाल्या, "धुण्याचा दगड उन्हात आहे. सावलीला आंबा आहे, पण आंब्याखाली बैल बांधलाय. या घरात बैलाचा मान सुनेच्या वर आहे." लग्न मोडेल की काय अशी वेळ आली. शेवटी मुलाकडच्यांनी बैल हलवला. लग्न झालं, नि ती मुलगी पुढे कैक वर्षं बाईंना भेटली की पाया पडायची. बाई तिला विचारायच्या, "बैल बरा आहे ना गो?"

त्यांनी स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी आगाऊपणाने का म्हणून विचारलंच तर म्हणायच्या, "सुट्टी मिळाली नाही." गावाकडची माणसंही कधी आलेली दिसली नाहीत. नाते गावाच्या पुढे डोंगराला लागून एक वाडी आहे, तिथल्या त्या, एवढंच लोकांना ठाऊक. त्यांच्या घरी माणसांचा तोटा मात्र नव्हता. मार्चात चवदार तळ्यावर गावोगावची माणसं जमायची तेव्हा बाईंच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. बाई सगळ्यांना मागच्या पडवीत बसवून पिठलं-भात वाढायच्या.

आता त्यांच्या दुसऱ्या वेडाविषयी सांगायला हवं. बाई दारूच्या हाडवैरीण होत्या. सावित्रीच्या काठाकाठाने हातभट्ट्या लागायच्या, आणि बाई आपल्या वस्तीतल्या बायका घेऊन तिथे जायच्या, अर्थातच मागल्या वाटेने. मडकी फोडायची, रसायन नदीत ओतायचं आणि परत यायचं. आरडाओरडा नाही, घोषणा नाहीत. एक भट्टीवाला त्यांचाच जुना विद्यार्थी होता. बाई दिसल्या की तो पळून न जाता हात बांधून उभा राहायचा. बाई काठी चालवता चालवता आम्हाला सांगायच्या, "याला तिसरीत भागाकार येत नव्हता. मीच शिकवला. आता दारूत पाणी किती घालायचं ते बरोबर कळतं त्याला."

निवृत्त झाल्यावर बाईंनी बायकांच्या सहली काढायला सुरुवात केली. देवळं त्यांच्या यादीत नसायची. माणसं जिथे काम करतात ती ठिकाणं बघायची, असा त्यांचा नेम. त्यांनी बायकांना धरण दाखवलं, मिठागर दाखवलं, साखर कारखाना दाखवला. रोह्याकडच्या कुठल्याशा कागदाच्या कारखान्यात तर त्या मागच्या फाटकातून शिरल्या नि रखवालदाराने सगळ्या बायकांना कामाला आलेल्या मजूर समजून रांगेत उभं केलं. अर्धा तास रद्दी निवडून झाल्यावर चूक कोणाच्या तरी ध्यानात आली. बाई खूश होत्या. "बघायचं ते असं बघायचं," म्हणाल्या.

त्याच बाईंनी एक दिवस जाहीर केलं, की पुढची सहल साहेबाच्या भट्टीची.

पोलादपूरहून घाट चढून गेलं की वरच्या अंगाला, एका बारमाही ओढ्याच्या काठी, ही भट्टी होती. इंग्रजांच्या अमदानीत तिथे बिअर तयार व्हायची आणि बैलगाड्यांनी घाटावरच्या लष्करी छावण्यांना जायची. पुढे दारूबंदी आली, भट्टी बंद पडली आणि तिथे वटवाघळं नांदू लागली. आता मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने ती जागा घेऊन, तांब्याची भांडी घासूनपुसून, फुलझाडं लावून तिथे तिकीट ठेवलं होतं. थंड हवेसाठी वर येणारे पाहुणे वाट वाकडी करून ती बघायला थांबायचे.

वस्तीत एकच खळबळ उडाली. बाई आणि दारूचा कारखाना. काहींना वाटलं, बाई तिथली भांडी फोडणार. दोघीतिघींनी तर काठ्या घेऊ का म्हणून विचारलं. सोनूआजी नावाची एक फारच कमी ऐकू येणारी म्हातारी होती, तिची समजूत अशी झाली की बीर म्हणजे कुणीतरी लढाईत पडलेला वीर, आणि आपण त्याची जागा बघायला चाललोय. तिने नवं लुगडं नेसायचं ठरवलं. माझ्या बायकोने, शांताने, बाईंना सरळच विचारलं की असल्या ठिकाणी कशाला जायचं.

"शत्रूचा गड आहे," बाई म्हणाल्या. "एकदा आतून बघायला नको?"

मला त्यांनी विचारलंच नाही. "मोरे, तू यायचंस. एक पुरुष माणूस असावा, पिशव्या उचलायला."

खरं सांगायचं तर मी नाही म्हणणारही नव्हतो. तिकिटात तिथे पेलाभर बिअर मिळते असं ऑफिसात ऐकलं होतं, आणि आजवर मी ती फक्त सिनेमात बघितली होती.

आम्ही सकाळच्या लाल गाडीने निघालो. पोलादपूर मागे पडलं, घाट लागला, बायकांच्या गप्पा रंगल्या. हिरा म्हणून एक फटकळ बाई होती. तिचा नवरा गोदीत कामाला, त्यामुळे तिच्या बोलण्यात मुंबई डोकवायची. ती सगळ्यांना सांगत होती की बिअर म्हणजे काय दारू नाय, सरबतासारखं असतं, साहेब लोक जेवताना पितात, एकदम फर्स्टक्लास. एरवी असं कुणी बोललं असतं तर बाईंनी तिला गाडीतून उतरवलं असतं. त्या दिवशी त्या खिडकीशी बसून नुसत्या बाहेर बघत होत्या. एका वळणावर त्यांनी मला विचारलं, "इथून पूर्वी पायवाट होती ना रे खाली उतरायला?" मला माहीत नव्हतं. त्या पुन्हा बाहेर बघू लागल्या.

भट्टी मोठी झोकात होती. काळ्या दगडाची लांबच लांब इमारत, लाल कौलं, पुढे हिरवळ, हिरवळीवर रंगवलेल्या बैलगाडीत नवी कोरी पिंपं. दारात कोट घातलेला एक तरतरीत तरुण गाईड उभा होता. नाव कदम. तो हसून "या मावशी" म्हणाला आणि बाई त्याच्या बाजूने निघून पाठीमागे जाऊ लागल्या. तो धावत आडवा आला. मागे जायला परवानगी नाही म्हणाला. आता वाजणार, असं मला वाटलं. पण बाई थांबल्या आणि मुकाट्याने आमच्यात येऊन उभ्या राहिल्या. शांताने माझ्याकडे बघितलं. बाईंना पुढच्या दाराने आत जाताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

कदमाचं बोलणं म्हणजे टेपरेकॉर्डर. साहेब कोणत्या घोड्यावर बसायचा, साहेबाला इथलं पाणी कसं आवडलं, जव कुठून यायचे, ते भिजवून मोड कसे आणायचे, मग भाजायचे, मग या तांब्याच्या हंड्यात उकळायचे. मोड आणायचे म्हटल्यावर बायकांना एकदम रस वाटला. हिराने विचारलं, मटकीला आणतात तसेच का. कदम म्हणाला, अगदी तसेच. "मग एवढी उसळ फुकट घालवली म्हणायची," हिरा म्हणाली. हंडा एवढा मोठा होता की त्यात आमची सगळी सहल मावली असती. त्यात वाकून बघताना एकीचा कानातला डूल आत पडला. तो काढायला कदमाला कोट काढून आत उतरावं लागलं, आणि त्याचं पुढचं भाषण हंड्यातूनच ऐकू आलं.

साहेबाची खुर्ची बघितली, साहेबाची छडी बघितली. सोनूआजी प्रत्येक वस्तूपुढे क्षणभर डोळे मिटून उभी राहत होती. शेवटी तिने कदमाला विचारलं, "तो बीर मेला कशानं रे?" कदमाला काही उलगडेना. तो म्हणाला, आजी, कायदा आला आणि मेली. आजीने मान हलवली नि पदराने डोळे टिपले.

एवढ्या वेळात बाईंनी एकही प्रश्न विचारला नव्हता. सगळं दाखवून झालं असं कदम म्हणाला तेव्हा मात्र त्या पुढे झाल्या.

"बाटल्या कुठे धुवायचे?"

कदम म्हणाला, ते मागे आहे, तिथे बघण्यासारखं काही नाही, पडकी जागा आहे. बाई म्हणाल्या, आम्हाला पडक्याची सवय आहे. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि बहुधा म्हणूनच तो पोरगा नाही म्हणू शकला नाही. त्याने किल्ली आणली आणि एक बुटकं दार उघडून आम्हाला मागे नेलं.

मागे उघड्यावर ओढ्याचं पाणी वळवून आणलेली दगडी टाकी होती, लांब आणि अरुंद. आता ती कोरडी पडली होती. टाकीचा कठडा वीतभर रुंद असेल नसेल. वर पूर्वी छप्पर असावं, आता फक्त खांब उरले होते. हिवाळा संपत आला होता तरी तिथे उभं राहिलं की पायातून गारवा चढत होता.

कदम आता भाषण सोडून मोकळेपणाने बोलायला लागला. छावण्यांतून रिकाम्या बाटल्या परत यायच्या, त्यांत तळाशी आंबलेली बिअर उरलेली असायची. धुणारे दिवसभर या पाण्यात उभे. बाटल्या उपड्या करायच्या, ते सगळं अंगावर उडायचं, कपड्यांत मुरायचं. मग तो हसत म्हणाला, "इथल्या जुन्या माळ्याने मला एक गंमत सांगितली होती. हे धुणारे बिचारे एक थेंब प्यायचे नाहीत, पण वास असा मारायचे की घरी गेले की बायको दारुडा म्हणून झोडायची."

बायका खदखदून हसल्या. मीही हसलो. बाईंनी विचारलं, "प्यायचे नाहीत हे कशावरून?"

"साहेब ठेवायचाच नाही ना पिणारा," कदम म्हणाला. "पिणाऱ्याच्या हातून बाटल्या फुटतात. आणि वास घेऊन काय कळणार, सगळ्यांनाच वास. म्हणून संध्याकाळी काम सुटलं की एकेकाला या कठड्यावरून चालायला लावायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोल गेला की दुसऱ्या दिवसापासून काम बंद. जे वर्षानुवर्षं टिकले ते सगळे कोरडे."

"वर्षानुवर्षं टिकले ते," बाई म्हणाल्या.

"हो मावशी. कोरडे ठणठणीत."

बाईंनी चपला काढल्या. काय करताहेत ते कळायच्या आत त्या एका पडक्या दगडावर पाय देऊन कठड्यावर चढल्या. मी पुढे झालो, त्यांनी हातानेच मला थोपवलं. पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पसरले आणि त्या चालू लागल्या. बायकांना वाटलं बाई मजा करताहेत. हिराने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सोनूआजीने आपल्या बीराला मनोभावे हात जोडले. मी कठड्याच्या बाजूबाजूने चालत होतो, पडल्या तर धरावं म्हणून, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्या खाली बघत नव्हत्या. समोर, दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या, तिथे कुणी उभं असल्यासारखं. मधे एकदा त्या डुलल्या, थांबल्या, परत चालल्या. टोकाला पोचल्यावर त्यांनी माझा खांदा धरला आणि उतरल्या. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

त्यानंतर आम्हाला पुढे बागेत नेलं. ज्यांच्याकडे पिण्याचं परमिट असेल त्यांना बिअर, बाकीच्यांना लिंबाचं सरबत, असा तिथला नियम निघाला. माझं परमिट कुठलं असायला. मी सरबत प्यालो. शेजारच्या टेबलावर मुंबईची काही मंडळी काचेचे दांड्याचे जाड पेले घेऊन बसली होती. पेल्यावरचा पांढरा फेस बघून हिरा म्हणाली, हे तर साबणाचं पाणी दिसतंय, आणि तिच्या मनातून बिअर कायमची उतरली.

बाई कुठे दिसेनात. शांता म्हणाली, जाऊन बघा. कुठे बघायचं ते मला माहीतच होतं. उपाहारगृहाच्या मागे नळ होता आणि नळाखाली त्या बसल्या होत्या. तिथे काम करणारी घाटावरची एक बाई बाजूला अवघडून उभी होती. लोकांनी अर्धेमुर्धे टाकलेले पेले तिने आणून ठेवले होते, आणि ते बाई धूत होत्या. पेला उपडा करायचा, उरलेली बिअर मोरीत, थोडी हातावर, थोडी पातळावर. मग आतून बोटं फिरवायची आणि उजेडाकडे धरून बघायचं.

ती बाई मला म्हणाली, "ओ दादा, सांगा ना यांना. मी कवाची सांगतेय, राहू द्या, वास लागंल."

"लागू दे," बाई म्हणाल्या.

मी शेजारी टेकलो. एक धुतलेला पेला फडक्याने पुसायला घेतला. त्यांनी आणखी दोन पेले धुतले. मग हात न थांबवता सांगू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांची शाळेतली भाषा कुठे गेली कोण जाणे, नात्याकडची वाडी त्यांच्या तोंडून बोलायला लागली.

त्यांना एक थोरला भाऊ होता, धर्मा. आईबाप लवकर गेले, त्यानेच बाईंना वाढवलं. स्वतः शाळेचं तोंड बघितलं नाही, पण बहिणीने मास्तरीण व्हायचं हे त्याने ठरवलं होतं. तो या भट्टीवर कामाला होता, या टाकीत बाटल्या धुवायला. बाई शिकल्या, सातवीची फायनल झाल्या, ट्रेनिंग झालं ते सगळं त्याच्या जिवावर. त्यांना महाडात नोकरी लागली तेव्हा तो पायवाटेने घाट उतरून आला होता, खांद्यावर बटाट्याचं पोतं घेऊन. बाईंच्या दारात मुलांचे आईबाप बसलेले होते. धर्मा त्यांच्यातच येऊन बसला. वासाने लोक सरकून बसायला लागले.

"मी नवी मास्तरीण," बाई म्हणाल्या. "आधीच आमच्या वस्तीतली मास्तरीण म्हणून लोक टपलेले. मी त्याला आत बोलावलं आणि म्हटलं, दादा, असा वास घेऊन माझ्या दारात येत जाऊ नको."

"मग?"

"हसला. बरं म्हणाला. बटाटे ठेवले नि गेला."

तो परत आला नाही. गाडीवानाबरोबर बटाटे मात्र यायचे, भट्टी चालू होती तोवर. पुढे एका पावसाळ्यात तो तापाने गेला आणि निरोप बाईंना मागाहून मिळाला. दारूनेच खाल्ला असणार, असं सगळी वाडी म्हणाली. बाईंनाही तेच वाटलं. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

"तो एक शब्द बोलला नाय रे," त्या म्हणाल्या. "तुझा दादा पित नाय, नुस्ता वास हाय, एवढं म्हणायला काय झालं होतं त्याला?"

मी म्हटलं, तुम्ही केलंत ते काही वाईट केलं नाहीत, त्या भट्ट्या मोडल्यात म्हणून किती घरं वाचली.

"मडकी फोडली ते बरोबरच," त्या म्हणाल्या. "उद्यापण फोडीन. पण त्याच्या नावानं फोडायला नको होती."

शेवटचा पेला त्यांनी उजेडाकडे धरला, समाधान झालं नाही म्हणून परत धुतला. मग उठल्या. त्या कामवाल्या बाईला म्हणाल्या, "तुला बसायला पाट नाही. मी त्या कोटवाल्याला सांगून जाते." आणि खरंच सांगून आल्या.

परतीची गाडी भरून आली होती. बाईंना मी पुढे खिडकीपाशी जागा मिळवून दिली आणि स्वतः शेजारी दांड्याला धरून उभा राहिलो. आमच्या बायका मागे पांगल्या होत्या. बाईंचं पातळ अजून ओलं होतं आणि वास लपण्यासारखा नव्हता. घाट उतरेपर्यंत मागच्या बाकावरच्या दोन माणसांत कुजबुज सुरू झाली. पोलादपूरला शेजारचा प्रवासी उतरला आणि एक बाई मूल घेऊन चढली, बाईंच्या शेजारी टेकली, नाकाला पदर लावला आणि उठून पलीकडे जाऊन उभी राहिली. कंडक्टर तिकिटं तपासत आला. तो महाडचाच, बाईंना ओळखणारा. तो वाकला, थबकला, त्याने एकदा बाईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

मी त्याला सांगायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सांगू नको," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"बाई, लोक भलतंच समजतील."

"समजू देत."

कंडक्टर पुढे गेला. मी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसलो. गाडीने गाव सोडलं, सावित्री दिसायला लागली. आत उकडत होतं. खिडकी उघडू का म्हणून मी विचारलं.

"नको रे," बाई म्हणाल्या, आणि ओला पदर त्यांनी छातीशी घट्ट ओढून घेतला. "वाऱ्यानं जाईल ना वास."